पोरे बिघडली, की पालक विकले गेले?

पाश्चात्त्य पॉप संगीताने तरुण पिढी नासवली, हा सूर आपल्या बैठकांतून नित्य आळवला जातो. तो आळवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी १९६३ सालचा ‘बाय बाय बर्डी’ हा अमेरिकन संगीतपट अवश्य पाहावा. वरवर पाहता हा निव्वळ हलकाफुलका, नाचगाण्यांचा चित्रपट. १९५८ च्या मार्चमध्ये एल्व्हिस प्रेस्ली सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल झाला आणि त्याच्या चाहत्या मुलींवर जणू आभाळ कोसळले. त्या प्रसंगावरून १९६० मध्ये ब्रॉडवेवर नाटक आले आणि त्यावर जॉर्ज सिडनी यांनी हा चित्रपट काढला.

गायक कॉनरॅड बर्डी सैन्यात निघाला आहे. जाण्यापूर्वी त्याने एका चाहतीचे निरोपाचे चुंबन घ्यावे, तेही एड सुलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात, अवघ्या देशासमोर, अशी योजना ठरते. तिच्यामागे प्रेम नाही, भक्ती नाही. एका अपयशी गीतकाराचे गाणे खपवायचे आहे, इतकेच. निवड होते ओहायोतील एका लहानशा गावच्या किम या शाळकरी मुलीची. बर्डी गावच्या चौकात गातो, तेव्हा मूर्च्छा काय फक्त मुलींनाच येते? नगराध्यक्षांच्या सौभाग्यवतीही आडव्या होतात!

किमचे वडील प्रथम संतापतात, आणि ते योग्यच आहे. परंतु सगळ्या कुटुंबाला सुलिव्हन यांच्या कार्यक्रमात झळकता येईल, हे कळताच त्यांचा संताप विरघळतो आणि घरात त्या कार्यक्रमाची चक्क आरती सुरू होते. पुढे हेच गृहस्थ ‘हल्लीची पोरे’ म्हणून गाण्यातून गळा काढतात! ढोंगाचे याहून नेमके चित्र क्वचितच पाहायला मिळेल.

हे सारे कपोलकल्पित म्हणून सोडून द्यावे, तर चित्रपटात स्वतःचीच भूमिका करणाऱ्या सुलिव्हन यांचे उदाहरण समोर आहे. प्रेस्ली आपल्या कार्यक्रमात नको, असे त्यांनी आधी ठणकावले होते. १९५६ च्या जुलैमध्ये प्रतिस्पर्धी कार्यक्रमाने त्याला आणून प्रेक्षक पळवले, आणि याच सुलिव्हन यांनी तीन कार्यक्रमांसाठी त्याला ५० हजार डॉलर मोजले! ९ सप्टेंबरचा पहिला कार्यक्रम सुमारे ६ कोटी लोकांनी पाहिला. जानेवारी १९५७ च्या तिसऱ्या कार्यक्रमात कॅमेरा कमरेच्या वरच ठेवून सभ्यतेचे रक्षण केल्याचे समाधान तेवढे मिळवले गेले.

आपल्याकडे निराळे काय चालते? मुलीच्या खोलीतील पोस्टर फाडणारे हात, वाहिनीवरील नृत्यस्पर्धेत तिची निवड झाली की आळीभर पेढे वाटत हिंडतात.

चित्रपटात या बाजाराला भर कार्यक्रमात आडवा जातो तो एकच जण. किमचा मित्र ह्यूगो, मत्सरापोटी का होईना, मंचावर धावून जाऊन बर्डीला ठोसा लगावतो. वयाने तोही पोरच!