देव फसवतो का? भाषांतराच्या निमित्ताने एक अवघड प्रश्न

3 डिसेंबर 2017 रोजी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, फ्रान्समधील कॅथोलिक ख्रिस्तसभेने प्रभूच्या प्रार्थनेतील मोहासंबंधीच्या विनंतीचे शब्द बदलले. पुढील काही दिवसांतच पोप फ्रान्सिस यांनी इटालियन दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत या बदलाचे स्वागत केले. मोहात ढकलणे हे पित्याचे काम नव्हे, सैतानाचे आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. इटलीच्या बिशपांनी 2020 च्या नव्या मिस्साग्रंथात असाच बदल केला. जर्मनीच्या बिशपांनी मात्र 2018 साली जुनेच शब्द कायम ठेवले. मूळ ग्रीक पाठ एक, श्रद्धा एक, निर्णय मात्र दोन!

या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न जुन्या करारात अधिक तीव्रतेने समोर येतो. 'अ' वर्षातील सामान्य काळाच्या 22 व्या रविवारी यिर्मयाच्या 20 व्या अध्यायातील तक्रार वाचली जाते. भारतात 2020 पासून इंग्रजी मिस्सासाठी वापरात आलेल्या वाचनग्रंथात तेथे 'फसवलेस' या अर्थाचे क्रियापद आहे. अन्य इंग्रजी भाषांतरांत कोठे 'गंडवलेस', कोठे 'भुरळ घातलीस' अशा छटा आढळतात, तर कोठे तळटीपेत 'मन वळवलेस' असा सौम्य पर्याय दिलेला दिसतो. मग संदेष्टा देवाला नेमके काय म्हणाला?

मूळ हिब्रू क्रियापद 'पाता' हे आहे. निर्गम 22 मध्ये ते कुमारिकेला भुलवणाऱ्या पुरुषासाठी येते. नीतिसूत्रे 25 मध्ये धीराने अधिपतीचे मन वळवण्यासाठी. आणि होशेय 2 मध्ये तेच क्रियापद इस्राएलला प्रेमाने रानात नेणाऱ्या देवासाठी येते. आपल्या मराठीतील 'भुलवणे' या शब्दात प्रेम आणि फसवणूक या दोन्ही छटा नांदतात, हे आपले भाग्यच म्हणावे लागेल.

तथापि, यिर्मयाचा शब्द गुळगुळीत करण्याचा मोह भाषांतरकाराने टाळावा. त्याच अध्यायात पशहूर याजकाने त्याला मारून खोड्यात अडकवले आहे. अशा माणसाचा तो आक्रोश आहे. देवाविषयीचा सिद्धांत नव्हे. शास्त्रलेखाचा साहित्यप्रकार ओळखावा आणि संपूर्ण शास्त्राच्या एकात्मतेत त्याचा अर्थ लावावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 साली 'देई व्हेर्बुम'च्या 12 व्या परिच्छेदात सांगितले आहे.

1 राजे 22 मधील प्रसंग निराळा आहे. तेथे 'पाता' हेच क्रियापद येते. परंतु आता बोलणारा दुखावलेला भक्त नाही. अहाब राजाला भुलवण्यासाठी असत्याचा आत्मा पाठवला गेल्याचे दर्शन मीखाया संदेष्टा सांगतो. चारशे संदेष्टे राजाला विजयाचे आश्वासन देत असतात. पण एक गोष्ट सहज नजरेआड होते: हे दर्शन मीखाया खुद्द अहाबालाच उघडपणे ऐकवतो. ज्याला फसवायचे त्यालाच कोणी आधी सावध करील काय? अहाबाला सत्य कळले होते. ते त्याला नको होते. शेवटी त्यानेच वेष पालटून रणात जाऊन सर्वांना चकवू पाहिले.

यहेज्केल 14 मध्येही विषय अंतःकरणात मूर्ती स्थापणाऱ्यांचा आहे. 2 थेस्सलनीकाकर 2 मध्ये देव भ्रम पाठवतो असे म्हटले आहे; पण त्याआधीच्या वचनात त्या लोकांनी सत्याची प्रीती नाकारल्याचे कारण दिले आहे. देवाने 'घडू दिले' आणि देवाने 'घडवले' यांत प्राचीन हिब्रू भाषा काटेकोर भेद करीत नाही. देव कोणालाही मोहात घालत नाही, हे याकोब 1:13 स्पष्ट करतो. तो खोटे बोलत नाही, हे तीत 1:2 सांगते.

हा केवळ पंडितांचा वाद नाही. आजारी मुलासाठी वर्षभर प्रार्थना करून रिकाम्या हाती परतलेली आई जेव्हा 'देवाने मला फसवले' असे म्हणते, तेव्हा तिला गप्प करण्याऐवजी यिर्मयाच्या शेजारी बसवणे हे धर्मगुरूचे कर्तव्य आहे. मात्र जो आपल्याला हवे तेच बोलणारे 'संदेष्टे' शोधत फिरतो, त्याला अहाबाची गोष्ट आठवून द्यायला हवी. या दोन्ही माणसांना भाषांतराने आपापले वचन न झाकता द्यावे. त्याचा उलगडा करणे हे प्रवचनाचे काम आहे.