फेफरे, विस्मृती आणि वेडाचा शिक्का

कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यातील संतपूरसारख्या सरहद्दीवरील गावात, जेथे घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी असा त्रिविध वाग्व्यवहार सहजगत्या चालतो, आणि १९५६ साली निजामी मुलखाची वाटणी होऊन उदगीर-निलंगा एका राज्यात व औराद-भालकी दुसऱ्यात गेले तरी सोयरिकी तुटल्या नाहीत, तेथे शरीराच्या प्रत्येक दुखण्याला स्वतंत्र नाव आहे. मेंदूच्या आणि मनाच्या यच्चयावत विकारांना मात्र ‘डोक्यात बिघाड’ या एकाच सदराखाली दाखल करण्याची वहिवाट आहे. ही वहिवाट इलाजाच्या आड येते, हा माझा तिच्यावर मुख्य आक्षेप आहे.

फेफरेच घ्या. मेंदूतील अब्जावधी मज्जापेशींचा परस्परव्यवहार सूक्ष्म विद्युत्स्पंदनांनी आणि रासायनिक द्रव्यांनी चालतो. त्या स्पंदनांचा एकाएकी उद्रेक झाला म्हणजे मनुष्य कोसळतो, हातपाय झाडतो. यात वेड नाही आणि बाधाही नाही. योग्य औषधाने दहांपैकी सुमारे सात रोग्यांचे झटके आटोक्यात येऊ शकतात; फेनोबार्बिटोन हे स्वस्त औषध तर १९१२ पासून वापरात आहे. तरीही मुलीचे फेफरे लग्न उरकेपर्यंत दडविले जाते, आणि झटका आलेल्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरली जाते. (वास्तविक त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, आणि पाच मिनिटांत झटका न थांबल्यास तातडीने दवाखाना गाठावा; एवढे शाळकरी पोरालाही शिकविता येईल.)

विस्मृतीचे प्रकरण निराळे. भावे-सुकथनकरांच्या ‘अस्तु’ चित्रपटातील संस्कृत पंडित हत्तीमागे भरकटत जातो, आणि त्याला जीव लावणारी माहुताची बायको कन्नड बोलते. आम्हां सरहद्दवासीयांना तरी तो प्रसंग परका वाटू नये. विस्मृतीच्या या व्याधीत मज्जापेशी क्रमाक्रमाने क्षीण होतात. तो म्हातारपणाचा हेकटपणा नव्हे. मनाचे विकार आणखी वेगळे. नैराश्यात झोप, भूक आणि उमेद हरपते. छिन्नमनस्कतेत नसलेले आवाज कानी येतात. वैद्यापुढे जाऊन ‘डोके बिघडले’ एवढेच सांगणाऱ्या नातेवाइकाकडून यांतले काय निष्पन्न व्हावे? झटका किती वेळ टिकला, शुद्ध हरपली होती काय, आवाज ऐकू येतात काय, हा तपशील घरच्यांनीच पुरवायचा असतो, आणि तो मातृभाषेतच नेमका सांगता येतो.

ग्रामीण दवाखान्यांना हे काम झेपणार नाही, ही सबब टिकत नाही. याच राज्यात, बळ्ळारी जिल्ह्यात, १९८०च्या दशकात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन ते करून दाखविले, आणि त्याच धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात सुरू झाला. तेव्हा बिदरच्या आरोग्य खात्याने हे चार-पाच भेद सांगणारे पत्रक कन्नडाच्या जोडीला मराठीतही छापून आशाताईंच्या हाती देण्याची तजवीज करावी. भाषावादाचा येथे संबंध नाही. प्रश्न रोग्याचा आहे. दरम्यान, वाचकांनी १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यसेवेचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक घरात लिहून ठेवावा.