गाडी मिसिंग मारते तेव्हा

दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या पायथ्याशी माणसे जमतात. १९४३ साली याच दिवशी पहाटे आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. हल्ली कल्याण-ठाण्याकडची कितीतरी कुटुंबे आपापली गाडी काढून म्हसामार्गे हुतात्म्यांना अभिवादन करायला जातात. अशाच एका भगिनींचे पत्र आले आहे. म्हसा सोडल्यावर गाडी झटके देऊ लागली आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. पोरेबाळे गाडीत, रस्ता आडबाजूचा. कसेबसे मुरबाड गाठले. तिथे एका गॅरेजमध्ये “कॉइल गेल्यात, चारही बदला,” असे सांगितले. त्यांनी निमूटपणे पैसे मोजले आणि आठ दिवसांत गाडीचे पुन्हा तेच! “आता काय करू?” असे त्या विचारतात.

ताई, आधी कॉइलचे काम समजून घेऊ. शेगडीचा कॉक सोडला पण लायटरची ठिणगी पडली नाही, तर गॅस नुसता पसरतो ना? इंजिनातही तसेच. पेट्रोलची वाफ पेटवायला ठिणगी लागते. बॅटरी असते १२ व्होल्टची, तेवढ्याने ठिणगी पडत नाही. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे पुष्कळ वेढे असतात. जाड तारेतला करंट एकदम तोडला की बारीक तारेत वीस हजार व्होल्टच्या पुढे दाब तयार होतो आणि प्लगवर ठिणगी उडते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या पडाव्या लागतात. त्यातल्या काही चुकल्या की गाडी झटके देते. यालाच गॅरेजवाले ‘मिसिंग’ म्हणतात.

फियाट-अ‍ॅम्बेसिडरला एकच कॉइल असे. आताच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते. डिझेलच्या गाडीला मात्र ही भानगडच नाही.

आता मुख्य गोष्ट. मेकॅनिक स्कॅनर लावतो तेव्हा त्यावर एक आकडा येतो. पी ०३५१ म्हणजे पहिल्या कॉइलचे सर्किट, पी ०३५२ म्हणजे दुसऱ्या कॉइलचे, असा तो क्रम असतो. सर्किट म्हणजे नुसती कॉइल नव्हे! फ्यूज, वायर, जोडणीचा क्लिप, कॉइल, सगळेच त्यात आले. आकडा खोली दाखवतो, चोर दाखवत नाही. म्हणून आकडा कागदावर लिहून मागा आणि मगच पुढचे बोला.

घरातले सगळे दिवे गेले तर आपण मेन स्विच बघतो, एकाच खोलीतला गेला तर त्या खोलीतला बल्ब. इथेही तोच हिशेब. सगळ्या सिलिंडरची ठिणगी एकदम गेली असेल, तर फ्यूज, रिले किंवा मुख्य वायर तपासायची. साऱ्या कॉइल एकाच दिवशी जळणे फार विरळा. एकाच सिलिंडरची तक्रार असेल, तर पुढील क्रमाने जावे.

१. इंजिन गार करून, किल्ली काढून त्या कॉइलचा क्लिप बघायचा. सैल आहे का? पिनांवर हिरवट गंज आहे का? वायर उंदराने कुरतडली आहे का? गाडी रात्रभर गवताच्या गंजीजवळ उभी असली, तर उंदीर बॉनेटखाली शिरतोच.

२. कॉइल उपसून प्लगच्या खळग्यात पाणी किंवा तेल दिसते का ते पाहायचे. बॉनेट उघडून पाण्याचा जोरदार फवारा मारल्यावर पाणी इथेच साचते.

३. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावून, जुना आकडा पुसून गाडी चालवायची. तक्रार पहिल्यावर आली तर कॉइल खरोखरच गेली. तिसऱ्यावरच राहिली तर कॉइल निर्दोष आहे, वायर आणि क्लिप धरा.

४. किल्ली फिरवून त्या क्लिपमध्ये बॅटरीइतके व्होल्ट येतात का, ते मेकॅनिकला मीटरने दाखवायला सांगा.

तुटलेली वायर पीळ मारून वर टेप गुंडाळली, तर खडबडीत रस्त्यावर ती पुन्हा सुटते. डाग देऊन वर नळी चढवून घ्यावी. कॉइल खरोखरच गेली असेल, तर तेवढी एकच बदला, पण प्लगही बघा. झिजलेल्या प्लगची फट रुंदावते, ठिणगीला जास्त दाब लागतो आणि नवी कॉइलही लवकर दमते. आठ दिवसांत तक्रार परत येते तेव्हा क्लिप, वायर किंवा प्लग यांपैकी काहीतरी पाहायचे राहिलेले असते.

वाटेत असे झाले तर? दिवा स्थिर असेल तर एसी बंद करून सावकाश जवळच्या गावापर्यंत न्या. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी सुरक्षित जागी उभी करा. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, तो तापून निकामी होतो आणि त्याचा खर्च कॉइलच्या कितीतरी पट असतो. गाडीखाली वाळके गवत असेल तर आगीचीही भीती. आणखी एक, इंजिन चालू असताना कॉइलला किंवा तिच्या वायरला हात लावू नये, मुलांनाही लावू देऊ नये.

काढलेली कॉइल मागून घ्या आणि बिलावर कितव्या सिलिंडरची ते लिहून घ्या. “बाईंना काय कळतंय!” असे कुणी मनात म्हणाले तर म्हणू दे. आकडा कोणता आला आणि कॉइल अदलाबदल करून पाहिली का, हे दोन प्रश्न विचारल्यावर बोलण्याचा सूर बदलतो.

पुढच्या वेळी बॅटरीची निगा.