मार्थाला शब्द, मरियाला अश्रू

तरुण मुलगा अचानक गेला की त्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.’ बोलणाऱ्याच्या पोटात मायाच असते. पण त्या आईला एवढंच कळतं की आपलं पोर देवानं नेलं. ज्याच्यापाशी रडायचं, तोच लुटारू ठरतो. यंदाच्या दिवाळी अंकात ख्रिस्ती कुटुंबांच्या शोकावर आम्ही एक विभाग केला आहे. सणाच्या अंकात हा विषय कशाला, असं काहींनी विचारलं. सणालाच त्या घरांमधलं रिकामं ताट जास्त टोचतं, म्हणून.

जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतले नामवंत धर्मोपदेशक विल्यम स्लोन कॉफिन यांचा 24 वर्षांचा मुलगा अ‍ॅलेक्स वादळी रात्री गाडीसह बोस्टनच्या बंदरात बुडाला. दहा दिवसांनी कॉफिन न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये बोलायला उभे राहिले आणि ‘देवाची इच्छा’ हा खुलासा त्यांनी संतापानं झिडकारला. नादुरुस्त वायपर, गाडीचा वेग, कठडा नसलेला रस्ता, यांचं खापर देवावर फोडायला ते तयार नव्हते. त्यांची श्रद्धा वेगळंच सांगत होती : मुलगा पाण्यात गेला तेव्हा सर्वांत आधी देवाचंच काळीज फाटलं. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडेही खड्ड्यात दुचाकी घसरून गेलेल्या पोराला ‘देवाज्ञा झाली’ म्हटलं, की खड्ड्याबद्दल कोणी विचारत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय अशा शोकाच्या ख्रिस्ती घरी वाचला जातो. बेथानीचा लाजरस मरण पावला आहे, येशू उशिरा पोचतो. तू इथे असतास तर भाऊ मेला नसता, असं लाजरसची बहीण मार्था त्याला म्हणते. थोड्या वेळानं दुसरी बहीण मरिया येते आणि तेच म्हणते. तक्रार एकच, पण मार्थाशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो आणि मरियाला रडताना पाहून स्वतः रडतो. लाजरसला उठवणार हे ठाऊक असूनही रडतो! एकाच घरात बाप मार्थासारखा असतो, आई मरियासारखी. बापाला पुनरुत्थानाच्या आशेनं उभं राहता येतं. आईला ती आशा पहिल्या महिन्यात ऐकवतसुद्धा नाही. तिची श्रद्धा कमी पडली, असं कुणी म्हणू नये. बायबलमधलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि कॅथलिक चर्चनं ते शुक्रवारच्या रात्रप्रार्थनेत ठेवलं आहे. देवावरचा राग देवालाच सांगणं, हीदेखील प्रार्थनाच.

वसईच्या गावांत मृत्यूनंतरचे पहिले दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. रोझरी होते, मिस्सा होते, शेजारणी स्वयंपाक सांभाळतात. मग माणसं पांगतात आणि खरा काळ सुरू होतो. दिवाळीच्या आगेमागे 2 नोव्हेंबरला सर्व मृतात्म्यांचा स्मरणदिन येतो. कबरी स्वच्छ होतात, फुलं आणि मेणबत्त्या येतात, फादर आशीर्वाद देतात. आईबापांना त्या दिवशी चारचौघांत आपल्या मुलाचं नाव घेता येतं. एरवी ते नाव त्यांच्यासमोर काढायला सगळे बिचकतात.

तेव्हा वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा देताना एक विनंती. यंदा ज्यांच्या दारी कंदील नाही, त्यांच्याकडे फराळाचा डबा घेऊन जा. ते हिंदू असोत की ख्रिस्ती, बसा थोडं. देवाच्या वतीनं खुलासा करू नका. मुलाचं नाव घ्या, त्याची एखादी खोडी आठवत असेल तर सांगा आणि नाताळातही परत जा.