ओसीडीच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत



गोळ्या सोडून मनाला लगाम घाला, असा सल्ला देणारे पत्र मागील अंकात वाचले. त्यात आमच्या असोद्याच्या लेकीचा, बहिणाबाई चौधरींचा दाखला आहे. मन किती ओढाळ असते हे त्यांनी सांगितले. त्यावरून आजाऱ्याने औषध टाकावे असा अर्थ काढणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

माझ्या भावाला ओसीडी (मंत्रचळ) आहे. हात धुऊन धुऊन कातडी सोलायची, कुलूप तपासता तपासता केळीच्या बागेत पोचायला दुपार व्हायची. हे निरर्थक आहे हे त्याला कळत होते. कळूनही थांबता येत नाही, हाच तर आजार!

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन ही नैराश्यावरची औषधे ओसीडी आणि चिंताविकारातही देतात. ओसीडीत डोस बहुधा जास्त लागतो, गुण यायला ८ ते १२ आठवडे जातात. पंधरवड्यात कंटाळून गोळी टाकणारे इथेच फसतात. सवय लागण्याचा धोका अल्प्राझोलामसारख्या झोप आणणाऱ्या गोळ्यांचा. दोन्ही एका माळेत ओवू नयेत. सुरुवातीला मळमळ, बेचैनी होऊ शकते. तरुण रुग्णांमध्ये आत्महत्येचे विचार येत नाहीत ना, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. गोळी एकदम बंद केली तर चक्कर, अस्वस्थता येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करायची. जोडीला वर्तनोपचार हवाच.

वाचकहो, कुणाच्या सांगण्यावरून चालू औषध बंद करू नका. शंका असल्यास सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे.

– रुग्णाची बहीण, असोदा (जि. जळगाव)