पवनचक्क्यांचा आघात कशाने मोजायचा?

पवन ऊर्जा प्रकल्पाला केंद्राची पूर्व पर्यावरण मंजुरी लागत नाही. २००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेच्या परिशिष्टात पवनचक्क्या नाहीत. म्हणून आघात अहवाल नाही आणि जनसुनावणीही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६मध्ये हा उद्योग 'पांढऱ्या', म्हणजे जवळपास प्रदूषण न करणाऱ्या, वर्गात घातला. वनजमीन लागली तरच १९८०च्या वन संवर्धन कायद्याची परवानगी आड येते. धूर, राख आणि सांडपाणी एवढेच मोजायचे असेल तर ही सवलत रास्त आहे. विदर्भातल्या पर्यावरण सल्लागारांचा हातही याच मोजमापांवर बसलेला आहे, कारण कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरची वीजकेंद्रे आणि कोळसाखाणी हेच त्यांचे कामाचे क्षेत्र. पवनचक्कीचा आघात मात्र त्या यंत्रांवर उमटत नाही.

तो कुठे उमटतो, हे साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर दिसले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी तिथल्या चक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना केली. निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. त्यांचा धाक गेल्याने गळ्याखाली रंगीत पंखा उघडणारे सरडे वाढले. दाटी झाली, खाद्य अपुरे पडले. सरडे कृश झाले, नरांच्या पंख्याचा रंग फिका पडला, ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण उतरले आणि माणूस अगदी जवळ आला तरी ते पळेनात. चक्कीखाली मेलेले पक्षी मोजून परतणाऱ्या पाहणीला यातले काहीही सापडले नसते.

मेलेले पक्षी मोजणेही वाटते तितके सोपे नाही. कुत्री आणि मुंगूस रातोरात ते उचलून नेतात. म्हणून आपणच काही मृत पक्षी ठेवून किती दिवस टिकतात ते पाहावे लागते आणि त्यानुसार आकडा दुरुस्त करावा लागतो. रस्त्यांचा हिशेबही चक्कीइतकाच महत्त्वाचा. अजस्र पाती डोंगरावर चढवण्यासाठी उतार कापले की माती ओढ्यांत उतरते. माधव गाडगीळ समितीच्या २०११च्या अहवालात भीमाशंकर परिसरातल्या पवनचक्क्यांच्या संदर्भात हा प्रश्न मांडला आहे. विजेच्या तारा तर पाहणीबाहेरच राहतात. वास्तविक माळढोकाला सर्वांत मोठा धोका या तारांचाच आहे: जड शरीर, समोरचे नीट न टिपणारी नजर, आणि तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही.

केंद्राने २०२३मध्ये जुन्या चक्क्यांच्या जागी मोठ्या आणि संख्येने कमी चक्क्या बसवण्याचे धोरण आणले. साताऱ्याच्या पठारांवर पूर्वी राहून गेलेला अभ्यास करण्याची ही दुसरी संधी आहे. जुनी चक्की उतरवण्याआधी पावसाळ्यासह पूर्ण वर्षाची पाहणी, शेजारचा चक्क्या नसलेला भाग तुलनेला, आणि नवी चक्की फिरू लागल्यावर तीच पाहणी पुन्हा, एवढे तरी झालेच पाहिजे. कायदा मागत नसला तरी सल्लागारांनी हे काम करारात लिहून घ्यावे, आणि १९५८पासून नागपुरात असलेल्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) त्याची नमुना कार्यपद्धती तयार करावी.