पंखा फिरतो, पण पडदा काळा!

मैत्रिणींनो, पावसाळा आला की पापड सादळतात, आगपेटी रुसते आणि आताशा टेबलावरचा संगणकही रुसतो. एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या घरी शिवणकाम करून संसाराला हातभार लावतात. गिऱ्हाइकांची मापे, येणे-देणे सारे संगणकात. त्या लिहितात, “बटण दाबले की दिवा लागतो, पंखा घरघरतो, पण पडद्यावर काही नाही. चारदा बंद-चालू केले तर एखादे वेळी दिसते. दुरुस्तीवाला म्हणतो, मदरबोर्ड गेला, नवाच घ्या. माझी पाच वर्षांची वही आत अडकली आहे हो!”

ताई, आधी धीर धरा. तुमची वही हार्ड डिस्कवर असते. नुसता पडदा काळा राहिल्याने ती पुसली जात नाही. शिवाय दुखणे ‘कधी आहे, कधी नाही’ असे असले, तर पुष्कळदा एखादा जोड सैल झालेला असतो किंवा धूळ साचलेली असते. तेव्हा खर्चाआधी हे करून पाहा, मात्र एका वेळी एकच.

१. मॉनिटरचा दिवा लागतो ना? त्याची केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्याच्याच खाचेत हवी. शेजारून दुसरी केबल मागून लावून पाहिली तर उत्तमच.

२. पडदा काळा असताना कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक आत चालू आहे. दोष केबल, मॉनिटर वा ग्राफिक्स कार्डाकडे शोधा. दिवा हलतच नसेल, तर गाडी सुरुवातीलाच अडली आहे. मग रॅमवर पहिला संशय घ्यावा.

३. गॅरंटी संपली असेल तरच पेटी उघडा. संगणक बंद करून प्लग काढा, मग चालू करायचे बटण पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. हात कोरडे ठेवा आणि आधी पेटीच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा. मऊ ब्रशने धूळ झाडा. ओले फडके मुळीच नको. रॅमची पट्टी दोन्ही टोकांच्या खिट्ट्या सोडवून सरळ वर काढा. तिच्या सोनेरी दातांवर मुलांचे मऊ खोडरबर हलकेच फिरवा, चुरा झटका आणि खट्‌ असा आवाज येईपर्यंत पट्टी बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. काही नव्या संगणकांत यानंतर पहिल्यांदा चित्र यायला एक-दोन मिनिटे लागतात. घाई करू नका.

४. संगणकाचे घड्याळ दर वेळी मागे पडते का? मग आतली नाण्याएवढी बॅटरी संपत आली आहे. तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. ती स्वस्त असते, बदलून टाका.

५. वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धक्का बसण्याइतकी वीज साठून राहते. ते काम जाणकाराचे.

एवढ्यानेही गुण आला नाही, तर दुरुस्तीवाल्याला बोलवा; पण हातात टिपण घेऊन. कोणत्या दिवशी अडला, सकाळी थंड असताना की तापल्यावर, आतून पीं-पीं आवाज आला का आणि किती वेळा, हे लिहून ठेवा. मदरबोर्ड गेला असे तो म्हणाला, तर आधी दुसरी रॅम आणि दुसरा पॉवर सप्लाय लावून दाखवायला सांगा. विचारायला संकोच कसला? पैसे आपल्या घामाचे आहेत.

आणि ताई, पडदा एकदा उजळला की आनंदाच्या भरात लगेच कामाला बसू नका. पहिल्याप्रथम ती पाच वर्षांची वही पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवा. दुसऱ्या दिवशी पडदा पुन्हा रुसला, तरी तुमचे काम अडणार नाही.